हुकुमदार

आकारामच्या वडिलांनी अकरा वर्षांनी त्याच्या दिशेनं तोंड उघडलं, आणि त्यातून जो शब्द बाहेर पडला तो कुठल्याच कोशात नव्हता. संध्याकाळची वेळ. आकाराम क्लास आटोपून घरी आला होता, उंबऱ्याशी वाकून चपला काढत होता. एक चप्पल पायात, एक हातात, आणि समोरच्या खाटेवरून आवाज आला, "हुकुमदार." आवाज जाड, ओला, तोंडात गुळाचा खडा धरल्यासारखा. आकारामनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. बोळात एक शेळी उभी होती, आणि तिला असं काही म्हणायचं आबांना कारण नव्हतं. म्हणजे आपल्यालाच म्हणाले. हातातली चप्पल त्यानं छातीशी धरली आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की अरबी अधिक फारसी.

हे त्याचं नेहमीचंच होतं. गल्लीत कुणी 'आग, आग' म्हणून ओरडलं असतं तरी त्याच्या डोक्यात आधी अग्नी आणि इग्नाइट हे दोघे हातात हात घालून उभे राहिले असते, आणि बादली नंतर. शब्दांची मुळं खणून काढणं हा त्याचा धंदाच होता. सांगलीत, गावभागात, हळदीच्या एका गोदामाच्या माडीवर त्याचा 'मूळ-धातू इंग्रजी वर्ग' चालायचा. पाटी रंगवणाऱ्यानं पहिल्यांदा सवयीनं 'मूळव्याध' असं लिहून ठेवलं होतं, आणि त्या आठवड्यात चौकशीला जितकी माणसं आली तितकी पुढं कधी आली नाहीत. बँकेच्या परीक्षेला बसणारे, टायपिंग येणारे पण स्पेलिंग न येणारे, मॅट्रिकला इंग्रजीतच गचकलेले असे सगळे तिथं खालून येणाऱ्या पिवळ्या धुळीत शिंका देत बसायचे. आकारामचं म्हणणं असं, की शब्द पाठ करायचा नाही, उपटायचा. भुईमुगाचा डहाळा धरून ओढला की मुळाला शेंगा लोंबत येतात, तसा एक धातू ओढला की पंचवीस शब्द हातात. आपला 'प' तिकडं जाता जाता 'फ' होतो, एवढं ध्यानात ठेवा: पाद तो फूट, पितर तो फादर, प्रिय तो फ्रेंड. पोरं खूश व्हायची. इंग्रज म्हणजे आपल्याच भावकीतला, फक्त वाटणीत लांब गेलेला, असं वाटून त्यांची भीती जायची आणि तरीही ती नापास व्हायची, पण आता घरच्यासारखी.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आबा महिन्यापूर्वी उंब्रजजवळच्या त्यांच्या गावी पडले होते. उसाला दारं धरायला गेले होते. एका वाफ्यात पाणी पुरं झालं, ते दार बंद करून पुढच्याचं उघडायचं म्हणून खोरं उचललं, आणि खोरं राहिलं वर आणि आबा खाली. धाकट्या भावानं, गुंडानं, त्यांना यष्टीत घालून मिरजेला आणलं. डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू आणि वाचा. बाजू थोडी परत येईल. वाचा येईल, किंवा येणार नाही. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की आकारामला क्षणभर तेही आपल्यासारखे व्याकरणच सांगताहेत असं वाटलं. मिरजेला वरचेवर दाखवायला लागणार, म्हणून आबांना सांगलीत त्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आणून ठेवलं. शुद्धीत असते तर ते आले नसते. तसे ते शुद्धीत होते, पण 'नाही' हा शब्द त्यांच्याकडं उरला नव्हता. बाहेरच्या खोलीत, दारासमोर, त्यांची खाट टाकली; डाव्या हाताशी त्यांची काठी, उशाशी त्यांचा ॲल्युमिनियमचा मग. आणि तीन आठवडे एक हूं की चूं न करता आढ्याकडं बघत पडलेला तो माणूस त्या संध्याकाळी बोलला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलला. तिसऱ्या दिवशीही. आकाराम आत शिरला की, "हुकुमदार." बस, तेवढंच. दिवसभर घरात वावरणाऱ्या त्याच्या बायकोला, विजयमालेला, काही नाही. ती त्यांना भरवायची, अंग पुसायची, कोरेगावच्या तिच्या माहेरच्या सगळ्या म्हशींची हकिगत सांगायची, आणि आबा ऐकून घ्यायचे.

"आवं, दार लावा म्हणत्यात," ती म्हणाली. "तुम्ही येता आन् दार सताड उघडं टाकता. हुकूम. दार. सरळ तर हाय."

"असा समास होत नाही," आकाराम म्हणाला.

"झालाय की. त्येंच्या तोंडात झालाय."

तिनं दार लावलं. आबा पुन्हा म्हणाले, हुकुमदार. तिनं कडी घातली. मग आबा डोळे मिटून पडले तेव्हा विजयमालेनं नवऱ्याकडं असं बघितलं, की त्या नजरेचं भाषांतर करायची गरज नव्हती.

रविवारी गुंडा आला. त्याचा अर्थ वेगळा होता. तो आबांच्या पायाशी बसून हळू आवाजात म्हणाला, "दादा, ते दार धर म्हणत्यात. त्या दिशी वरच्या वाफ्याचं दार अर्धंच ऱ्हायलं हुतं. जीव अडाकलाय त्येंचा त्यात. मी कानात सांगितलं, आबा, दार धरलं, पाणी पाजलं, ऊस लय झ्याक हाय. तर माझ्याकडं बघत्यात, अन् काय न्हाई."

"तुला म्हणाले का हुकुमदार?"

"मला कशाला? मी सकाळधरनं हितंच बसलोय. तू आलास की म्हणत्यात."

घरमालक तात्यांनाही हे कळलं. तात्या म्हणजे निवृत्तीनंतर पत्त्यांवर जगणारा माणूस. त्यांच्या मते यात कोडं काहीच नव्हतं. "अहो मास्तर, मेंढीकोट! फौजेत दुसरं करतात काय? हुकूम कुठला बोलायचा ते विचारतायत बिचारे." त्यांनी स्वतःचा कॅट आणून आबांच्या डाव्या हातात दिला. आबांनी पत्ते छातीवर पसरले, बराच वेळ एकेक तोंड तपासलं, त्यातून बदामचा राजा वेगळा काढला आणि उशीखाली घातला. अटक केल्यासारखा. तो त्यांनी परत दिला नाही. तात्या पुढं महिनाभर एक्कावन्न पत्त्यांवर खेळले, आणि हरलं की राजबंद्याचं कारण सांगू लागले.

आकाराम मात्र हसला नाही. त्याच्या कपाटात सात कोश होते आणि सातही त्यानं उघडले. हुकूम सापडला: अरबी, हाकिम आणि हुकूमत यांचा सख्खा भाऊ. दार सापडला: फारसी, बाळगणारा. हवालदार, जमादार, सुभेदार, ठाणेदार, सगळी पंगत बसलेली, आणि त्यात हुकुमदार नावाचा गडीच नव्हता. म्हणजे हा हुद्दा आबांनी नवा काढला होता, खास आपल्यासाठी. सरकारनं त्यांना हवालदार केलं, त्यांनी मुलाला हुकुमदार केलं. हुकूम बाळगणारा. ज्याला आयुष्यात एकच हुकूम मिळाला आणि जो तो अजून वागवतोय, पाळलेला नाही. शब्द असा फोडल्यावर तो एकदम बरोबर बसला, कुलपात किल्ली बसावी तसा.

तो हुकूम साताऱ्यात मिळाला होता, भरतीच्या मैदानावर. आबांनी पेन्शनीतला जुना कोट घातला होता, बिल्ले लावले होते. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. सकाळच्या थंडीत उघड्या अंगाची पोरं रांगेत उभी, आणि एक शिपाई प्रत्येकाच्या छातीवर खडूनं नंबर टाकत चाललेला. खडू थंड होता. आपल्या आयुष्यात खडू पहिल्यांदा आपल्या अंगावर चालला, हे आकारामला पुढं नेहमी आठवायचं, फळ्याशी उभा असताना विशेष. छाती भरली, उंची भरली. मग एक मैल पळायचं. आबा शेवटच्या रेषेवर जाऊन उभे राहिले, हातात तो मग, पाण्यानं भरलेला. 'पहिला ये,' एवढंच म्हणाले. आकाराम पळाला. चांगला पळाला, पहिल्या फेरीला तो खरोखर पहिला होता. दुसऱ्या फेरीला मैदानाचं फाटक आलं, ते उघडं होतं, आणि त्याचे पाय वळायचे राहिले. एवढंच. ठरवून काही केलं नव्हतं. तो पळतच पोवई नाक्यावर आला, पळतच स्टँडवर, आणि सांगलीची गाडी हलत होती तीत चढला. कंडक्टरनं चड्डीतल्या त्या घामाघूम पोराकडं बघितलं, छातीवरचा नंबर बघितला, आणि हा सरकारी कामावर आहे असं समजून तिकीट मागितलं नाही. सांगलीत मामाकडं पोचेपर्यंत नंबर घामानं विरघळला होता. आबांबरोबर आलेल्या गुंडानं पुढं सांगितलं: सगळी पोरं आली. लंगडत येणारं शेवटचं पोरही आलं. मैदान रिकामं झालं. आबा मग घेऊन उभेच. शेवटी त्यांनी त्यातलं पाणी खाली ओतलं, एका जागी, धार न तोडता, आणि रिकामा मग पिशवीत घातला.

तेव्हापासून आबांनी त्याला उद्देशून शब्द काढला नाही. सणासुदीला गावी गेला तर भिंतीला सांगायचे, 'त्याला म्हणावं जेव.' लग्नात आशीर्वाद दिला तोही सुनेला एकटीला, तिच्या शेजारी दुसरं कुणी वाकलंच नसल्यासारखा. आणि गंमत अशी, की ज्या लॅटिनवर आकाराम पोट भरत होता तिच्या माहेरी आबाच जाऊन आले होते. मोठ्या लढाईत त्यांची पलटण इटलीत होती. दोन वर्षं त्या डोंगरांत चिखल तुडवून हा माणूस तिथून घेऊन काय आला, तर एक मग. पलटण हा शब्दही तिकडचाच, प्लटूनवरून आलेला. फोडला तर आत निघतो एक छोटा चेंडू, सुताच्या गुंडीसारखा. आबांचं सगळं आयुष्य एका चेंडूत गेलं, हे वाक्य आकारामला एकदा सुचलं होतं आणि ते कुणाला सांगावं हे सुचलं नव्हतं. आता त्याला आबांकडून मोठं काही नको होतं. क्षमा नको, शाबासकी नको. त्यांनी आपल्याकडं बघून, आपल्याला ओळखून, आपल्याला म्हणून काहीतरी बोलावं. शिवीसुद्धा चालली असती. शिवीचं मूळ तर त्यानं दोन मिनिटांत काढलं असतं. पण हा शब्द शिवी होता की हुद्दा, हेच ठरेना, आणि डॉक्टर म्हणाले होते, असा झटका दुसऱ्यांदाही येतो, मग तोही शब्द जाईल.

त्या गुरुवारी त्यानं वर्गात 'बोलणं' या अर्थाचा लॅटिन धातू घेतला होता. आपल्या 'भण'चा लांबचा भाऊ. फळ्यावर शेंगा लोंबू लागल्या: फेबल, म्हणजे सांगितलेलं; फेम, म्हणजे लोकांनी बोललेलं; फेट, म्हणजे देव बोलून बसला ते. मग त्यानं पुढं 'इन' लावला, न या अर्थाचा. इन्फंट. न बोलणारं. म्हणजे तान्हं मूल.

मधल्या बाकावरून उमा उठली. ही मुलगी वकिलाकडं टायपिंग करायची आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता प्रश्न विचारायची. "सर, इन्फंट म्हणजे बाळ, तर मग इन्फंट्री म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड का?"

वर्ग फुटला. हसता हसता सगळ्यांनी हळद ओढली आणि मग सगळे शिंकू लागले. हसणं कुठं संपलं आणि शिंकणं कुठं सुरू झालं कळेना. आकारामही हसला. मग सवयीनं उत्तर द्यायला लागला. "तसं नाही. पण शब्द तोच आहे. इन्फंट म्हणजे न बोलणारं पोर. मग कुठलंही पोर. मग हाताखालचं पोर, घोडेस्वाराच्या मागं पायी चालणारं. इटलीत त्या पायी चालणाऱ्या पोरांची फौज झाली, ती इन्फंट्री. म्हणजे पायदळ हे मुळात न बोल..." इथं खडू मोडला. अर्धा हातात, अर्धा पायाशी. ते वाक्य त्याच्या तोंडात होतं, पूर्ण होतं, पण जीभ त्याला हात लावीना. न बोलणाऱ्यांची फौज. खाटेवरचा माणूस त्याला दिसला, आढ्याकडं बघणारा.

"सर, मग त्यांना बोलायचं झालं तर?" उमानं विचारलं.

"जेवढं शिकवलंय तेवढंच बोलतात," आकाराम म्हणाला, आणि आपण हे कुठून बोललो हे त्याला कळलं नाही. त्यानं वर्ग सोडला. वेळेआधी वर्ग सुटल्यानं पोरांना संशय आला आणि ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.

घरी जायचं सोडून तो कृष्णेच्या पुलावर गेला. पाणी उतरलं होतं. अलीकडं त्याला एक भीती वाटू लागली होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती: शब्द आपोआप फुटायला लागले होते. पूर्वी तो फोडायचा; आता तो नुसता बघायचा आणि ते उकलायचे, कणीस सोलल्यासारखे, एक पापुद्रा, दुसरा पापुद्रा, आणि आत दाणा असेल म्हणून बघावं तर आणखी एक पापुद्रा. सांगली म्हणजे सहा गल्ल्या, असं म्हणतात. तो एकदा मोजायला निघाला होता आणि सातवी लागल्यावर घाबरून परत आला होता. पुलावरून सायकली जात होत्या, माणसं एकमेकांना 'काय रं' म्हणत होती, 'बरं हाय' म्हणत होती, आणि त्यातला एकही माणूस आपण काय म्हणतोय ते फोडून बघत नव्हता म्हणून पूल टिकला होता. त्यानं तोंडात जीभ फिरवून बघितली. उजवीकडं. डावीकडं. जिभेवर हळदीची चव होती आणि उजवी बाजू जरा जड लागली. उद्या आपली वाचा गेली तर आपल्याजवळ कुठला शब्द उरेल? सात कोशांतला कुठला? आबांना एक तरी उरला. आपल्याला बहुतेक एखादा उपसर्ग उरेल. मग त्याच्या मनात स्वतःचं नाव आलं. आकाराम. या नावाचं मूळ त्याला कधीच लागलं नव्हतं. आकारातला राम म्हणावा तर एक 'र' कमी पडत होता. नाव आबांनी ठेवलं होतं, कुणाचं म्हणून, कशावरून, हे विचारायचं राहिलं होतं. आणि आता ज्याला ठाऊक होतं त्याच्याकडं नाव नव्हतं, ज्याच्याकडं नाव होतं त्याला ठाऊक नव्हतं. कठड्याला टेकून तो थोडा वेळ स्वतःला हाक मारत उभा राहिला. एक म्हातारा सायकलवाला थांबून म्हणाला, "कुणाला हुडकताय, पावनं?" आकाराम म्हणाला, "आकारामला." म्हातारा म्हणाला, "येईल की. दिवस मावळला म्हंजी घरलाच येतंय माणूस."

तो बोळात शिरला तेव्हा वीज गेली होती. सगळ्या गल्लीत काळोख नुकता सांडलेला, अजून पूर्ण न भिनलेला. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. विजयमाला आत स्वयंपाकघरात चिमणीची वात वर करत असावी, रॉकेलचा वास येत होता. आकारामनं दार ढकललं. उंबऱ्यावर पाय ठेवला.

"हुकुमदाऽऽर!"

रोजचा आवाज नव्हता हा. रोजचा उजेडातला, दबलेला. हा अंधारातला होता, लांब फेकलेला, शेवटाला वर चढणारा. आणि आकारामला डोळे सरावल्यावर दिसलं, की आबा भिंतीला टेकून अर्धे उठून बसले आहेत, आणि डाव्या हातात काठी धरलीय. टेकायला धरतात तशी नव्हे. छातीवर आडवी. मेलेला उजवा हात जिथं असायला हवा होता तिथं ती नुसतीच हवेत संपत होती.

रॉकेलचा वास. अंधार. आडवी काठी. हे तिन्ही त्यानं एकत्र पूर्वी कधीतरी बघितलं होतं, खूप खालून, बारक्या उंचीवरून. गोठ्याचं दार. आबा रजेवर आलेले, बिल्ल्यांच्या कोटाच्या कितीतरी आधीचे, काळ्या मिशांचे. अंधार पडला की ते गोठ्याच्या दारात पोत्यावर बसायचे, काठी आडवी धरून, मागं कंदील, म्हशींची शेपटं हलताहेत. तो रानातून येई. आणि आबा ओरडत, हुकुमदाऽऽर! त्याचं काळीज लकाकायचं. कारण नियम असा, आबांनीच सांगितलेला, की पहारेकरी तीनदा इच्यारतो, चौथ्यांदा गोळी. मग तो छाती काढून ओरडायचा, फरंड! फरंड म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. एरंडाच्या भावकीतलं काहीतरी झाड असावं, अशी त्याची समजूत होती. ओढ्याकाठचं एक रानटी झुडूप त्यानं गावातल्या पोरांना फरंड म्हणून दाखवलंही होतं, आणि पोरं ते अजून फरंडच म्हणतात. ते म्हटलं की काठी बाजूला होई. 'पास फरंड! आल्सवेल!' आबा म्हणत. आणि त्याला ऐकू यायचं, 'आलास व्हय?' विचारलंय म्हटल्यावर उत्तर द्यायला हवं, म्हणून तो शहाण्या पोरासारखा सांगायचा, 'व्हय, आलो.' पहिल्यांदा असं झालं तेव्हा आबा हसून हसून पोत्यावरून खाली आले होते, म्हैस दचकली होती. पुढं रोजच तसं. पुढं पुढं आबा त्यातलं कुठलं म्हणायचे, पलटणीतलं की घरातलं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. मग त्या मगात गूळ आणि शेंगदाणे.

हू. कम्स. देअर.

आकाराम उंबऱ्यावर उभा राहिला. अरबी नाही, फारसी नाही. हुद्दा नाही, शिवी नाही. रोज संध्याकाळी आपण दारातून आत येत होतो आणि एक माणूस आपल्याला विचारत होता, कोण आहे? कोण येतंय तिकडं? त्याच्याजवळ उरलेल्या एकुलत्या एका शब्दानं विचारत होता, सगळा जोर लावून विचारत होता, आणि आपण कपाटाकडं जाऊन कोश काढत होतो. इंग्रजीचा मास्तर. इंग्रजी रोज आपल्याला दारात अडवत होती. त्याला हसू आलं आणि ते हसू मधेच कुठंतरी गार पडलं. कारण याचा अर्थ असाही होत होता, की आबांनी आपल्याला ओळखलेलंच नाही. एक दिवससुद्धा. दिवस मावळला की जो येईल त्याला विचारताहेत.

"आबा," तो म्हणाला. "मी हाय."

काठी हलली नाही. अंधारात बसलेल्या त्या माणसाला 'मी' हे उत्तर पुरेसं नव्हतं. मी तर कुणीही असतो.

"हुकुमदाऽऽर!"

दुसऱ्यांदा. आकारामच्या मानेवर घाम आला, खडूच्या नंबराएवढा, थंड. "फ्रेंड," तो म्हणाला. अगदी नीट म्हणाला, वर्गात म्हणतो तसा. फळ्यावरचा, 'प'चा 'फ' झालेला. चांगला उच्चार होता. आणि तो उच्चार खाटेपर्यंत गेला, काठीला आपटला, आणि परत आला. आबांचं तोंड वाकडं झालं, जोर लागत होता, गालाची एकच बाजू थरथरत होती. परका कुणीतरी साहेबी बोलत दारात उभा होता. श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. आता तिसरा.

"हुकुमदाऽऽर!"

यानंतर गोळी. तिशीचा, चष्मेवाला, सात कोशांचा धनी असलेला माणूस आपल्याच घराच्या उंबऱ्यावर एका अर्ध्या अंगाच्या म्हाताऱ्याच्या काठीला भिऊन उभा होता, आणि ती भीती खरी होती, पायांपर्यंत खरी. मागं दार उघडंच होतं. बोळ मोकळा होता. पाय वळायचे राहू शकले असते. तो हलला नाही. त्यानं छाती काढली. डोळे मिटले. आणि घशातून, खालून, ओढ्याकाठच्या त्या झुडपाच्या मुळापासून, ओरडला,

"फरंड!"

काठी थांबली. मग हळूच, टोकापासून, खाली आली आणि गोधडीवर पडली. "पास," आबा म्हणाले. पुढचं यायला वेळ लागला. "पास फरंड."

महिन्यात पहिल्यांदा नवा शब्द. आकाराम दोन पावलं आत आला. आबांचा श्वास वाजत होता. अजून काहीतरी येत होतं, ओठ त्यासाठी जागा करत होते, जड जीभ तोंडातून कशालातरी ओढून आणत होती. "आल," ते म्हणाले. मग नुसती हवा. मग, "आलास... व्हे..." आणि शेवटचं अक्षर वाकड्या गालात सांडलं.

आकाराम काळोखात उभा राहिला. शब्दाचे दोन तुकडे त्याच्या समोर पडले होते आणि दोन्हीकडून दोन मुळं येत होती, एक पार इटलीच्या चिखलातून, एक गोठ्याच्या दारातून. पलटणीतलं 'ऑल्स वेल', सगळं ठीक, असेल तर पहारेकऱ्यानं कुणालातरी सोडलं. घरातलं 'आलास व्हय' असेल तर बापानं मुलाला. फरक एका अक्षराचा होता, आणि ते अक्षर मेलेल्या बाजूला होतं. त्याचे हात सवयीनं शब्दाकडं गेले, सोलायला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते मागं घेतले.

"व्हय," तो म्हणाला. "आलो."

आतून विजयमालेच्या पावलांचा आवाज आला, आणि चौकटीवर पिवळा उजेड हलायला लागला. आता क्षणात दिवा येणार, आबांचे डोळे दिसणार, आणि त्या डोळ्यांत कोण उभं आहे तेही.

"अगं," आकाराम घाईघाईनं म्हणाला, "दिवा जरा वेळानं आण."